डिस्क वाकली ते बरं की अलॉय टिकलं ते बरं? धडकेनंतर सस्पेन्शनचं काय होतं?

विश्रामबागकर

मंडळी, हा धागा काढायला तीन आठवडे थांबलो, कारण आतेभावाची गाडी लिफ्टवर चढायची होती. ती काल चढली.

आमच्या घरात एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आहेत. एक माझी, सांगलीत. दुसरी आतेभावाची, साताऱ्यात. आठ महिन्यांच्या अंतराने दोन्हींचं ड्रायव्हर बाजूचं पुढचं चाक डिव्हायडरला बसलं. वेग दोन्हीकडे चाळीसच्या आसपास. परिणाम मात्र अगदी उलटे झाले.

माझी गाडी खालच्या मॉडेलची. १६५/८० आर १४ टायर, लोखंडी डिस्क (म्हणजे साधी पत्र्याची रिम, ब्रेकची डिस्क नव्हे), वर प्लास्टिकची कॅप. मार्चमध्ये रात्री मिरजेहून येताना पुढे उसाची ट्रॉली होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. दिसली तेव्हा ब्रेकला जागाच उरली नव्हती. उजवीकडे ओढली आणि चाक डिव्हायडरच्या टोकावर गेलं. टायरची हवा जागेवर गेली, डिस्कचा काठ तळहाताएवढा आत दुमडला. स्टेपनी लावून घरी आलो. दुसऱ्या दिवशी तपासलं तर लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) सरळ, शॉकअप सरळ, अलाइनमेंटमध्ये थोडी टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) सोडली तर सगळं जागेवर. एक डिस्क, एक टायर, संपला खर्च.

आतेभावाने गाडी घेतल्यावर बाहेरून १६ इंची अलॉय (अ‍ॅल्युमिनियमची चाकं) बसवली होती, १९५/५५ चा टायर, म्हणजे रुंद पण बुटका. नोव्हेंबरमध्ये अंधारात डिव्हायडरचं टोक दिसलं नाही. आवाज मोठा झाला, पण उतरून बघितलं तर अलॉयच्या ओठावर बोटभर ओरखडा. हवासुद्धा गेली नाही. "चाक दणकट होतं म्हणून वाचलो," असं तो सगळ्यांना सांगत होता आणि गाडी रोज चालवत होता. तीन आठवड्यांनी टायरची आतली कड तार दिसेपर्यंत घासली, तेव्हा मी त्याला गाडी सांगलीत आणायला लावली.

लिफ्टवर दिसलं ते असं: लोअर आर्म वाकलेला, त्याच्या मागच्या बुशचं रबर फाटलेलं, बॉल जॉइंटचं बूट उकललेलं, शॉकअपचा रॉड वाकडा. जुना आर्म नव्या आर्मवर ठेवला तर मागच्या बुशपाशी बोट जाईल एवढं अंतर. वाकलेल्या जागी काळा रंग खवल्याखवल्यांनी उडालेला आणि खाली ताजा गंज.

म्हणजे चाक वाकलं तर सस्पेन्शन वाचतं आणि चाक टिकलं तर सस्पेन्शन जातं, असं आहे का? की माझा निव्वळ योगायोग? जाणकारांनी सविस्तर लिहावं. आतेभावाला आता आणखी भारी, फोर्ज्ड चाकं घ्यायची आहेत आणि त्याला काय सांगावं ते मला कळत नाहीये.

मिरजेचा फिटर

दादा, योगायोग नाही. तीस वर्षं हेच बघतोय.

मार कुठंतरी जिरावा लागतो. डिव्हायडरपासून गाडीच्या बॉडीपर्यंत एक साखळी आहे. टायर, रिम, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), बेअरिंग, नकल (हबला धरून ठेवणारा तुकडा), तिथून खाली बॉल जॉइंट (गोल फिरणारा सांधा) आणि लोअर आर्म, बाजूला टाय रॉड (स्टेअरिंगने चाक वळवणारा दांडा), वर शॉकअप, मग बुश (सांध्यातली रबरी गादी) आणि क्रॉसमेंबर (इंजिनखालची आडवी तुळई). जोर सगळ्यांतून जातो. त्यात जो पहिला मान टाकतो तो पुढच्याला वाचवतो. तुमच्या गाडीत डिस्कने मान टाकली. भावाच्या गाडीत डिस्कच्या जागी दणकट चाक होतं, म्हणून मार आत गेला. चाकाला खरचटलं, आर्मला मुका मार.

पण एक लक्षात घ्या, मार कुठल्या दिशेने आला ते चाकापेक्षा महत्त्वाचं. खड्ड्यात चाक आपटलं की जोर खालून वर जातो. तो टायर, रिम आणि शॉकअप खातात, आर्म सहसा वाचतो. डिव्हायडरला समोरून बसलं की चाक मागे ढकललं जातं. तेव्हा आर्मचं मागचं बुश फाटतं आणि आर्म वाकतो. आणि गाडी घसरत जाऊन चाक आडवं फुटपाथला बसलं तर सगळ्यात वाईट. तेव्हा टायरच्या खालच्या कडेला मार बसतो आणि हबपर्यंत फूटभराची पहार लावल्यासारखा जोर येतो. टाय रॉड, नकल, शॉकअप, सगळं एका दमात. पावसाळ्यात अशा गाड्या जास्त येतात. तिथं डिस्क असो की अलॉय, आतलं वाचलेलं मी फार कमी बघितलंय.

ओतकाम

कुपवाड एमआयडीसीत ओतकामाच्या (धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या) धंद्यात आहे, त्यामुळे धातूच्या बाजूने लिहितो.

डिस्क म्हणजे पोलादी पत्रा दाबून, वळवून, वेल्ड करून केलेली. पोलाद तुटण्याआधी भरपूर ताणलं जातं. वाकताना ते धडकेची शक्ती खात राहतं, शिवाय धक्का थोडा लांबवतं. धक्का जितका लांबला तितका आत जाणारा जोर कमी. कंपनीची बहुतेक अलॉय ओतीव असतात. अ‍ॅल्युमिनियम, त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम, वर उष्णता-प्रक्रिया. हा धातू ताठ असतो, बऱ्याच जोरापर्यंत हलत नाही, पण हद्द ओलांडली की फार न वाकता तडकतो. फोर्ज्ड चाक दाबून घडवलेलं असतं. ते ओतीवापेक्षा मजबूत असतं आणि तडकण्याआधी जास्त ताणलंही जातं.

म्हणून "मजबूत" हा एक शब्द पुरत नाही. किती जोरावर वाकायला लागतं हा एक गुण. वाकल्यावर तुटेपर्यंत किती शक्ती खातं हा वेगळा गुण. सस्पेन्शनवर किती मार जाईल ते पहिल्यावर ठरतं. चाक तुमच्याखालून निसटेल की नाही ते दुसऱ्यावर.

आता एक हिशेब, जो मी आमच्या नव्या पोरांना करायला लावतो. चाकांची एक प्रमाणित धक्का-चाचणी असते. चाक १३ अंशांत तिरकं बसवतात आणि त्याच्या काठावर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. वजन किती? चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पट, अधिक १८० किलो. कमाल भार ४५० किलो धरला तर २७० अधिक १८०, म्हणजे पुन्हा ४५० किलोच. चाकाचा मधला भाग फुटता कामा नये आणि मिनिटभरात सगळी हवा जाता कामा नये. या आपटण्याची शक्ती होते सुमारे १ किलोजूल.

आणि १००० किलोची गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर तिच्यात ६० किलोजूलच्या वर शक्ती असते. ६० च्या वेगाला तीच जवळजवळ १४०. धडकेत ती सगळी एका चाकावर येत नाही हे खरं, पण तुलना बघा. चाकाची चाचणी फुटपाथ आणि खड्ड्यासाठी आहे, अपघातासाठी नाही. चाचणी पास झालेलं चाक धडकेत टिकेलच असं नाही, आणि टिकलं तर ते शक्ती गिळून टिकलेलं नसतं, पुढे देऊन टिकलेलं असतं.

लिंबखिंड

मी साताऱ्याची, नोकरीसाठी आठवड्यातून दोनदा पुण्याला जाते. वरचं सगळं वाचून कुणी "चाक कमजोर असलेलंच चांगलं" असा अर्थ काढू नये म्हणून माझं लिहिते.

दोन वर्षांपूर्वी बाहेरून अलॉय घेतली होती. दुकानाचं नाव घेत नाही. दिसायला कंपनीसारखीच, किंमत निम्मी. खंबाटकीच्या अलीकडे हायवेवर ट्रकमधून पडलेला दगड चुकवता आला नाही, पुढचं डावं चाक त्यावर गेलं. दगड फार मोठा नव्हता, नारळाएवढा असेल. चाकाच्या दोन काड्या तुटल्या आणि काठाचा एक तुकडा उडून गेला. टायर रिमवरून सुटला, गाडी त्या बाजूने खाली बसली आणि स्टेअरिंग हातातून ओढलं गेलं. मागचा ट्रक लांब होता म्हणून आज हे लिहितेय. मागच्या सीटवर माझी मुलगी होती.

आणि सस्पेन्शन वाचलं का? नाही. चाक फुटल्यावर उरलेला भाग डांबरावर घासत, आपटत गेला. त्यात लोअर आर्मचा बॉल जॉइंट उखडला, ब्रेकची डिस्क चिरली, फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आतलं अस्तर फाटलं. पहिला मार कदाचित चाकाने खाल्ला असेल, पण नंतरचा सगळा आतल्यांनीच खाल्ला.

तुटलेली काडी मी जपून ठेवली होती. आत सुईच्या टोकाएवढी भोकं होती, पुष्कळ.

ओतकाम

ताई, मुलगी आणि तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं.

ती भोकं म्हणजे ओतताना अडकलेला वायू किंवा थिजताना आकसल्याने पडलेली पोकळी. चांगल्या कारखान्यात धातूतला वायू आधी काढतात, कमी दाबाने खालून साच्यात चढवतात आणि चाकांची एक्स-रेखाली तपासणी करतात. ते सगळं टाळलं की किंमत निम्मी होते. चाक घेताना आतल्या बाजूला आयएसआयचा शिक्का, चाकाचा कमाल भार, मापं आणि ऑफसेट (हबवर चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते माप) कोरलेलं आहे का ते बघा. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल, म्हणजे तिथल्या मानकाची खूण, लिहिलेलं असतं. कोरीव नसलेलं, नुसतं चिकटवलेलं स्टिकर काही कामाचं नाही.

विश्रामबागकर

ताई, तुमचा अनुभव वाचून आतेभावाला फोन केला आणि पोस्ट वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता.

आता मला वाटतं माझा प्रश्नच थोडा चुकला. मी चाकाकडे फ्यूज म्हणून बघत होतो. पण घरातला फ्यूज गेला तर फार तर अंधार होतो. इथं फ्यूज गेला तर गाडीचा एक पाय जातो. मग फ्यूज नेमका कुठं असायला हवा?

कंट्रोल आर्म

मी सातारकर, सध्या पुण्यात गाड्यांच्या डिझाइनच्या कामात. विश्रामबागकर, हाच खरा प्रश्न.

डिझाइन करताना ही उतरंड मुद्दाम ठरवतात. लहान धक्क्याला टायरने दबायचं. मोठ्या धक्क्याला आधी वाकावं अशी अपेक्षा असते ती आर्म किंवा टाय रॉडसारख्या बदलता येणाऱ्या भागाकडून, आणि तेही तुटून नाही, वाकून. म्हणजे स्टेअरिंग तिरकं झालं तरी चाक गाडीला जोडलेलं राहतं आणि ड्रायव्हरला कळतं की काहीतरी बिघडलंय. नकल, बॉल जॉइंटचा दांडा, क्रॉसमेंबर हे त्याच्यानंतर. बॉडीचे रेल, म्हणजे पुढच्या लांब पोलादी तुळया, सगळ्यात शेवटी. ही उतरंड त्या गाडीच्या मूळ चाक-टायरला धरून जुळवलेली असते.

तुमच्या आतेभावाने एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या. चाक ताठ झालं. टायरची भिंत (रिमच्या काठापासून जमिनीपर्यंतचं रबर) १३२ मिलिमीटरवरून १०७ वर आली, म्हणजे रिम आणि डिव्हायडर यांच्या मधली गादी इंचभर कमी झाली. आणि बहुधा ऑफसेटही बदलला असेल. चाक बाहेर सरकलं की आर्म आणि बेअरिंगवरची तरफ वाढते. टायरची एकूण उंची तेवढीच राहिली म्हणून स्पीडोमीटरला फरक कळला नाही, पण सस्पेन्शनला कळला. त्यामुळे तुमच्या दोन गाड्यांच्या तुलनेत फरक फक्त चाकाच्या ताकदीचा नाही. माझ्या मते टायरच्या गादीचा वाटा निम्म्याहून कमी नसावा.

मोठ्या अपघाताचं मात्र गणित वेगळं. भारत एनसीएपी, म्हणजे आपल्याकडची गाड्यांची धडक-चाचणी, २०२३ पासून सुरू झालं. त्यातल्या समोरच्या धडकेत गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर घालतात. तिथं बॉडीचे रेल शक्ती खातात, चाकाचा वाटा थोडा. पण अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने २०१२ मध्ये फक्त २५ टक्के रुंदीची धडक सुरू केली, वेग तोच. त्यात मुख्य रेल अडथळ्याला चुकून बाजूने निघून जातो आणि मार थेट चाकावर येतो. चाक मागे जातं, दाराच्या खांबाला आणि पायाजवळच्या पत्र्याला भिडतं. तिथं टणक, न तुटणारं चाक आडव्या पहारीसारखं आत घुसू शकतं. चाक वेळेवर सुटून बाहेरच्या बाजूला गेलं तर पायांना जागा राहते. म्हणजे डिव्हायडरच्या धक्क्यात चाकाने आर्मशी जोडलेलं राहावं असं आपण म्हणतो आणि या धडकेत त्यानेच बाजूला व्हावं असं म्हणतो. दोन्ही एकाच चाकाकडून हवं असतं. म्हणून सांगतो, एकटं चाक बदलून गाडी "मजबूत" करता येत नाही.

उसाच्या ट्रॉलीचा मागचा कोपरा लागतो तेव्हा धडक बहुतेकदा अशीच, कोपऱ्याची असते. आपल्याकडच्या लोकांनी हे नीट समजून घ्यायला हवं.

नवा लायसनवाला

म्हणजे डिस्कच बरी ना? माझी बेस मॉडेल आहे, घरचे अलॉय घे म्हणून मागे लागलेत.

मिरजेचा फिटर

आपल्या रस्त्यांना डिस्क बरी. वाकली तर कळते, स्वस्तात मिळते. फक्त रस्त्याकडेला घणाने ठोकून सरळ केलेली डिस्क पुढच्या चाकाला घालू नको, स्टेपनीला ठेव. आणि तडकलेलं अलॉय वेल्ड करून तर अजिबात नको. वेल्डच्या शेजारचा धातू मऊ पडतो.

क्लेमवाला

बरीच वर्षं विम्यासाठी मोटर सर्व्हेचं काम केलं आहे. आतेभावासाठी दोन गोष्टी, पुढच्या वेळी उपयोगी पडतील. पुढची वेळ न येवो.

पहिली: चाक शाबूत दिसलं तरी क्लेम अर्ज भरताना "उजवं पुढचं चाक डिव्हायडरला बसलं" हे स्पष्ट लिहा आणि सस्पेन्शन उघडून तपासण्याची मागणी करा. सर्व्हेअर आधी बाहेरचं बघतो. आतलं निघालं तर पुरवणी एस्टिमेट करता येतं, पण भाग बदलण्याआधी त्याला दाखवायला हवं. काढलेला आर्म फेकू देऊ नका.

दुसरी, जास्त महत्त्वाची: अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि त्यातून नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान पॉलिसीत बसत नाही. तीन आठवडे चालवून घासलेला टायर मिळणार नाही. एरवीही टायरवर निम्मी घट धरतात. बाहेरून बसवलेली अलॉय पॉलिसीत वेगळी नोंदवलेली नसतील तर त्यांचे पैसे मिळायला अडचण येते.

लिंबखिंड

फिटरकाका, लिफ्ट नसताना घरी काही बघता येतं का? आमच्या इथं रात्री एखादं चाक आपटलं तर गॅरेज सकाळीच उघडतं.

मिरजेचा फिटर

येतं ताई. सपाट जागेवर स्टेअरिंग सरळ करून गाडी उभी करा. टेपने चाकाची मागची कड आणि फेंडर यांच्यातलं अंतर मोजा, दोन्ही बाजूंना. एका बाजूला सेंटीमीटरभर कमी आलं तर चाक मागे गेलंय, आर्म किंवा बुश बघायचं. मग समोर दहा पावलं लांब जाऊन बसा आणि दोन्ही चाकं बघा, एखादं वरून आत किंवा बाहेर झुकलंय का. स्टेअरिंग पूर्ण दोन्हीकडे फिरवून टायर कुठं घासतो का ते ऐका. मोबाइलच्या टॉर्चने आर्मवर बघा. रंगाचे खवले उडाले असतील तर तो वाकलाय असंच धरा, बाकी कुणी काहीही सांगो.

सरळ चालताना स्टेअरिंगचा मधला लोगो तिरका दिसला तर गाडी चालवायचीच नाही. टो करून आणायची. अलाइनमेंटवाल्याकडे नेऊन टाय रॉड फिरवून स्टेअरिंग सरळ करून घेणारे लोक आहेत, त्याने वाकलेला आर्म सरळ होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

विश्रामबागकर

काका, तुमची टेपची युक्ती आतेभावाच्या गाडीला लावली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. आर्म बदलायच्या आधी मी मोजलं: डावीकडे ८.४ सेंटीमीटर, उजवीकडे ६.७.

काम झालं. नवा लोअर आर्म, शॉकअप, लिंक रॉड, दोन्ही पुढचे टायर. कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) आधी उजवीकडे उणे १ अंश ५० मिनिटं होता, आता दोन्हीकडे अर्ध्या अंशाच्या आत आला. नकल मापात निघाला, ते नशीब. आतेभावाने फोर्ज्डचा विचार सोडला. कंपनीच्या १४ इंची डिस्क घेतोय, पण स्टेपनीला तेच जुनं अलॉय ठेवायचं म्हणतोय, कारण बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवलं तर जराही डगमगलं नाही.

ओतकाम

स्टेपनीला लावण्याआधी ते माझ्याकडे आणा. मशीनवर न डगमगणं म्हणजे शाबूत असणं नव्हे. आमच्याकडे लाल डायची तपासणी आहे, तडा असेल तर रंग त्यात मुरतो आणि नंतर पांढऱ्या पावडरीवर उमटतो. अर्ध्या तासाचं काम.

विश्रामबागकर

आज दुपारी चाक घेऊन कुपवाडला गेलो. आतेभाऊ साताऱ्याहून मुद्दाम आला.

ओतकाम यांनी चाक धुतलं, मागच्या बाजूचा ब्रेकचा काळा थर घासून काढला, लाल डाय मारली आणि वीस मिनिटं तशीच ठेवली. मग फडक्याने पुसून पुसून एक थेंब ठेवला नाही. चाक पुन्हा चंदेरी. वर पांढऱ्या पावडरीचा फवारा मारला. मिनिटभर काही नाही. आतेभाऊ म्हणालाही, "बघा, काही नाही." तेवढ्यात ओरखड्याच्या अगदी समोरच्या काडीच्या मुळाशी, मागच्या बाजूने, पांढऱ्यातून केसाएवढी लाल रेघ वर आली. हळूहळू जाड झाली. मोजली, २२ मिलिमीटर. समोरून त्या जागी काहीच दिसत नव्हतं.

त्या चाकावर गाडी तीन आठवडे सातारा-कोरेगाव करत होती, वहिनी आणि पोरं घेऊन. आतेभावाने कोपऱ्यातला हातोडा मागून घेतला आणि चाकाच्या काठावर स्वतःच दोन घाव घातले, म्हणजे भंगारातून उचलून कुणी पुन्हा विकणार नाही.

लिंबखिंड

ओतकाम, माझ्या त्या सेटमधली उरलेली तीन चाकं अजून घरी माळ्यावर आहेत. एक जण विकत मागतोय. आधी तुमच्याकडे आणू का?

ओतकाम

आणा ताई. रविवारी बंद असतं, सोमवारी दहानंतर या. तोवर कुणालाही देऊ नका.